मावशी, चांदण्या दिसल्या की पोटात गोळा येतो

या महिन्यातली तीन पत्रं नाताळची आहेत. पहिलं लांब आहे आणि त्याचं उत्तर मला आखडता आलेलं नाही.

मावशी, सलाम. आम्ही वानवडीला राहतो. मुलगा चार वर्षांचा, धाकटी चौदा महिन्यांची. सासर नगरचं, माहेर खडकीचं. लग्न झाल्यापासून एकच शिरस्ता आहे. चोवीसच्या रात्रीची उपासना पुण्यात, पंचवीसला सकाळची उपासना पुण्यात आणि तिथून थेट गाडी नगरला. सासूबाईंकडे जेवण, मग चुलत सासरे, दोन आत्या, मोठ्या जाऊबाईंचं माहेर, अशी सहा घरं. रात्रीच परत, कारण सव्वीसला माझी आई वाट बघते. गेल्या वर्षी शिरूरच्या अलीकडे मुलाला उलट्या झाल्या. तिसऱ्या घरी त्याने आत्यांना पापी द्यायला नकार दिला, भोकाड पसरलं, आणि जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुण्याच्या मुलांना वळणच नाही." घरी पोचेपर्यंत त्याला ताप भरला होता. यंदा कडेवर धाकटीही आहे. नवरा म्हणतो, वर्षातला एक दिवस, निभावून नेऊ. माणसं वाईट नाहीत हो. सासूबाई मुलांना जीव लावतात. पण दुकानांतून चांदण्या लटकायला लागल्या की आनंद होण्याऐवजी माझ्या पोटात गोळा येतो. काय करू?
— एक आई, वानवडी

अगं, सलाम. तुझं पत्र वाचून मला माझ्या मुलीचे लाल बूट आठवले.

१९८३ चा नाताळ. आम्ही तेव्हा गुरुवार पेठेत राहायचो, पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातली घंटा घरात ऐकू यायची. मुलगी साडेतीन वर्षांची. तेवीसच्या संध्याकाळी कॅम्पातून तिला लाल बूट आणले आणि पंचवीसला सकाळी पहिल्यांदा पायात घातले. उपासना झाली, मग नाना पेठेत काका, रास्ता पेठेत नणंद, तिथून बसने खडकी, खडकीहून पिंपरी. प्रत्येक घरी ती "घरी जाऊ" म्हणायची आणि मी "आता एवढं एकच" म्हणायचे. पिंपरीला पोचेपर्यंत मी तिला दोनदा रडकी म्हटलं होतं. रात्री बूट काढले तर दोन्ही टाचांचे फोड फुटून मोजे चिकटलेले. ती मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली आहे. त्या नाताळचा केक, भेटवस्तू, भेटलेली माणसं, यातलं तिला काहीही आठवत नाही. बूट आठवतात.

त्यानंतर मी जवळजवळ तीस वर्षं बालवाडीत शिकवलं. दर जानेवारीत मुलांना गोल बसवून विचारायचे, नाताळला काय काय केलं? एकाने सांगितलं, आजीच्या कोंबडीने आमच्या पिशवीत अंडं घातलं. एकीने सांगितलं, मी आणि ताई एकाच गोधडीत झोपलो. आम्ही सहा घरं फिरलो, असं सांगणारं पोर मला एकही भेटलं नाही. म्हणून तुझं म्हणणं मला पटतं. तो दिवस मुलांचा राहत नाही, आणि त्याला तुझा नवरा, सासूबाई किंवा तू, कुणी एक जबाबदार नाही. मोटार घरात आली आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत येणं जमायला लागलं. पूर्वी नगरला गेलेला माणूस दोन-चार दिवस राहूनच यायचा.

आता तू शुभवर्तमान उघड. लूकमध्ये मेंढपाळ त्याच रात्री बाळाला पाहायला येतात, गव्हाणीशी. मत्तयमध्ये मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येतात ते मागाहून, आणि ते घरात जाऊन बालकाला पाहतात. म्हणजे पाहुणे आले ते पाळीपाळीने, आणि आले ते बाळाकडे. कडेवर घेऊन त्याला दारोदार दाखवायला कुणी नेलं नाही. सासूबाई म्हणतील, मरिया तर अवघडलेल्या दिवसांत नाझरेथहून बेथलेहेमला गेलीच ना? गेली, पण ती नावनिशीच्या, म्हणजे शिरगणतीच्या, हुकमाने गेली, हौसेने नाही. माझ्या आईच्या आईचं हे उत्तर आहे. तिच्या नऊ बाळंतपणांच्या काळात ती नाताळात कधी उंबरा ओलांडून गेली नाही. सगळं गोत तिच्याकडे यायचं.

आणि नाताळ पंचवीसला संपतो हे तुला कुणी सांगितलं? मागी लोकांचा सण ६ जानेवारीला. तोवर नाताळाचेच दिवस आहेत. बारा दिवस हाताशी असताना आपण सगळी नाती एका दुपारीत कोंबतो.

तेव्हा यंदा असं कर. चोवीसची रात्र आणि पंचवीसची सकाळ यांतली एकच उपासना मुलांसह. तुमच्या चर्चमध्ये चोवीसला संध्याकाळी लवकरची उपासना असेल तर तीच घे. नसेल तर रात्री तुम्हा दोघांपैकी एकाने जावं, दुसऱ्याने मुलांना वेळेवर झोपवावं, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून जावं. पंचवीसची दुपार स्वतःच्या घरी. तुझ्या आईबाबांना खडकीहून वानवडीला बोलाव. त्यांना रिक्षाने येणं तुला दोन मुलं घेऊन जाण्यापेक्षा सोपं आहे. मुलगा दुपारी जमिनीवर बसून एकाच खेळण्याशी दोन तास खेळेल, तेवढं त्याला लाभू दे. सव्वीसला सकाळी नगरला निघा आणि दोन रात्री राहा. सहा घरांना तुम्ही जायचं नाही. सत्तावीसला संध्याकाळी सासूबाईंच्या अंगणात चहा-फराळ ठेवा, आत्या, चुलत सासरे, जाऊबाईंच्या माहेरची मंडळी, सगळ्यांना तिथे बोलवा. ज्यांना म्हातारपणामुळे बाहेर पडवत नाही अशा एका घरी मात्र आवर्जून जा, तेही मुलांची झोप झाल्यावर. पुढच्या वर्षी उलट करा. पंचवीस नगरला, तुझं माहेर नंतर.

हे सासूबाईंना सांगायचं कुणी? तुझ्या नवऱ्याने. तू नव्हे. त्याची आई आहे, त्याच्या तोंडून तिला ते घरातलं बोलणं वाटेल, तुझ्या तोंडून तेच गाऱ्हाणं वाटेल. आणि हे आत्ताच सांगायचं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग गुळात कालवून पीठ मुरत ठेवायचं. सासूबाई पंचवीस तारीख धरून मागे मोजत तांदूळ भिजत घालतात. तांदूळ भिजल्यावर बेत बदलला तर कुणालाही राग येईल, मलाही येईल. त्याने फोन करून एवढंच म्हणावं, "आई, यंदा आम्ही सव्वीसला येतोय आणि दोन रात्री राहतोय. मुलं तुझ्याजवळ झोपतील." येत नाही, जमत नाही, दमतात, असले शब्द नकोत. त्यांना आजवर चार तास मिळत होते, आता दोन रात्री मिळणार आहेत. हे त्यांना कळायला वेळ लागला तर लागू द्या. पहिल्या फोनवर त्या गप्प होतील कदाचित. तेव्हा घाईने शब्द फिरवू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. परतताना १ जानेवारी गाठू नका. त्या दिवशी पेरणे फाट्याला जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत घरी या.

उलट्यांचं सांगते. उपासनेनंतर भरपेट केक आणि दूध पाजून पोराला गाडीत बसवलं की वाघोलीच्या गर्दीतच निम्मं काम होतं. निघण्याआधी तासभर हलकं काहीतरी दे, एखादी पोळी किंवा इडली. गाडीत मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक नको, खाली बघितलं की मळमळ वाढते. काच थोडी उघडी ठेव, लांबचं बघायला लाव. शिरूर साधारण निम्म्यावर आहे, तिथे उतरून दहा मिनिटं पायी चालव. धाकटीला मांडीवर घेऊन बसू नकोस, मागच्या सीटवर मागे तोंड करून लहान मुलांच्या खुर्चीत बांध. कितीही रडली तरी. आणि गाणी म्हणा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक नगरला राहिले, त्यांची भजनं त्या रस्त्याला शोभतात आणि दुसऱ्या वेळी मुलगा धृपद उचलतो.

आता पापीचं. या बाबतीत मी ठाम आहे. चार वर्षांच्या मुलाला वर्षातून एकदा दिसणाऱ्या माणसाचा मुका घ्यायला लावू नये. आत्यांचं प्रेम खरं आहे, त्यांच्या जुन्या सवयीत वाईट काही नाही. पण मुलाला आत्या म्हणजे अत्तराचा वास असलेली एक अनोळखी बाई आहे. त्याला आधीच घरी शिकव. तीन गोष्टी करता येतात, हात जोडून सलाम म्हणायचं, हातात हात द्यायचा किंवा फराळाचं ताट पुढे करायचं. कुठली करायची ते त्याने ठरवावं. ताटाचं काम मुलांना फार आवडतं. सासूबाईंना सांग, ताटावरचा विणलेला रुमाल उचलायचा मान नातवाचा. आठ-दहा दिवस आधी आत्यांचे फोटो दाखव, "ही पप्पांना झाडावर चढू द्यायची ती आत्या" असं काहीतरी खरं सांग. ओळखीचं माणूस झालं की तो आपण होऊन मांडीवर जाऊन बसेल, नाहीतर संध्याकाळ संपता संपता बसेल. न बसला तरी बिघडत नाही.

जाऊबाई पुन्हा बोलल्या तर वाद घालू नकोस आणि मुलाला तिथल्या तिथे दटावून त्यांचं समाधानही करू नकोस. मुलगा तुझ्या तोंडाकडे बघत असतो. "दमलाय तो, आम्ही दोघं जरा अंगणात जाऊन येतो," म्हण आणि खरंच जा. मागाहून, भांडी विसळताना, दोघीच असताना सांग, की गेल्या वर्षी ते बोलणं मला लागलं. त्यांच्याही घरी नाताळात वीस माणसांचा स्वयंपाक असतो. तिसऱ्या घरापर्यंत त्याही दमलेल्याच होत्या. एक घर कमी झालं तर त्यांनाही बरं वाटेल, विचारून बघ.

धाकटीवर मात्र तुझं सतत लक्ष हवं. चिवड्यातले शेंगदाणे, अख्खे काजू-बदाम, टणक गोळ्या, अख्खी द्राक्षं, हे तिच्या हाती पडू देऊ नकोस. श्वासनलिकेत अडकतं. अख्खे दाणे तर पाच वर्षांपर्यंत मुलालाही नकोत, कुटून दे. केकमधली फळं रममध्ये भिजवली आहेत का ते विचार. विचारण्यात अपमान नाही, बऱ्याच घरी दोन केक करतातच. आणि वाजणारी शुभेच्छापत्रं, लुकलुकणाऱ्या खोट्या मेणबत्त्या, यांच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. मुलाने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा. असल्या वस्तू आल्या आल्या कपाटावर ठेव.

रात्री गाणी म्हणायला येणाऱ्या मंडळींबरोबर मुखवटा घातलेला नाताळबाबा असतो. चौदा महिन्यांचं लेकरू त्याला बघून किंचाळतं. तरुण मंडळ असतं, आधी निरोप दे, आमच्या दारात मुखवटा काढून या. ऐकतात.

आणि नवे बूट आणणार असशील तर पंधरा तारखेलाच आण. रोज घरात तासभर घालून फिरू दे.

मावशी, नमस्कार. मी सदाशिव पेठेतली आजी. मुलीने ख्रिस्ती घरात लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. नातू दोन वर्षांचा आहे. यंदा विहीणबाईंनी आम्हा दोघांना नाताळला उपासनेला आणि जेवायला बोलावलं आहे. आम्ही शाकाहारी. काय न्यावं, चर्चमध्ये काय करावं, काही चुकलं तर? यजमानांना फार संकोच वाटतोय.
— एक आजी

ताई, नमस्कार. तुम्ही जाणार आहात हेच मला फार बरं वाटलं. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींनी चहा घेतला होता. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. त्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आज तुम्हाला काय न्यावं एवढीच काळजी आहे. यजमानांना हे वाचून दाखवा.

शाकाहाराचं दोन-तीन दिवस आधी फोन करून स्वतः सांगा, मुलीवर सोपवू नका. आमच्याकडे त्या दिवशी मटण, बिर्याणी असतेच, पण आधी कळलं तर वेगळं पातेलं, वेगळा डाव ठेवायला कुणालाही जड नाही. ऐन ताटावर कळलं तर मात्र विहीणबाईंचा जीव थोडा थोडा होईल. नेताना दुकानातला खोका नेऊ नका. तुमच्या हातचं जे उत्तम होतं ते न्या. करंज्या-चकल्या त्यांच्या घरी ढीगभर असतील, कारण आमचा नाताळचा फराळ तुमच्या दिवाळीचाच सख्खा भाऊ आहे. नारळाच्या वड्या किंवा सुधारस नेलात तर लगेच संपेल.

चर्चमध्ये लोक उभे राहिले की उभं राहावं, बसले की बसावं. गुडघे दुखत असतील तर बसूनच राहा. प्रभूभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी लोक पुढे जातात, तेव्हा तुम्ही जागेवरच थांबायचं. बाकी काही चुकण्यासारखं नसतं. दाराजवळची जागा धरा. दोन वर्षांचा नातू अर्ध्या तासात चुळबुळ करणारच, तेव्हा त्याला आवारात फिरवायचं काम तुमच्याकडे घ्या. मुलीला आणि विहीणबाईंना उपासना शांतपणे मिळेल, यजमानांच्या हातालाही काम मिळेल. त्यांचा संकोच तिथेच जाईल.

नातवाचं बोरन्हाण केलं आहे का? पाच वर्षांपर्यंत करतात. संक्रांतीला करा आणि त्याचं आमंत्रण विहीणबाईंना जेवणाच्या टेबलावरच देऊन या.

आमची मुलगी सहा वर्षांची. शाळेत सांता आला होता. आता ती विचारते, सांता खरा असतो का आणि आपल्या घरी का येत नाही? आम्ही ख्रिस्ती नाही. तिला काय सांगू? तिला नाताळ दाखवायलाही न्यायचं आहे.
— एक बाबा, कोथरूड

ती विचारते आहे म्हणजे तिला खरं पेलतं. सांगा, फार पूर्वी, चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. गरिबांना गुपचूप मदत करत, अशा त्यांच्या कथा सांगतात. त्यांच्या आठवणीने लोक आजही गुपचूप देतात. मग तिला एक गुपित द्या. सोसायटीचे रखवालदार, कामाच्या मावशींची मुलगी, कुणाही एकासाठी तिने स्वतः काहीतरी निवडावं, कागदात गुंडाळावं आणि नाव न लिहिता ठेवून यावं. सहा वर्षांच्या मुलांना गुपित राखण्यात जो आनंद असतो तो मी वर्गात पुष्कळ पाहिला आहे. तिच्याही उशाशी काहीतरी ठेवा, छोटंसं.

बघायला चोवीसला संध्याकाळी नेऊ नका. महात्मा गांधी रस्त्यावर इतकी गर्दी असते की तिला फक्त लोकांच्या पाठी दिसतील. सत्तावीस-अठ्ठावीसला न्या. चर्चमधल्या गव्हाणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मांडलेल्या असतात. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च पाहा. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी दिलेल्या जागेवर ते १७९२ मध्ये उभं राहिलं, पेशव्यांच्या पदरी असलेल्या पोर्तुगीज सैनिकांसाठी. मुलीला शनिवारवाडा माहीत असेल, तर ही गोष्ट तिला लगेच जवळची वाटेल. मग एम्प्रेस गार्डनच्या बाजूचं सेंट पॅट्रिक्स. गव्हाणीपुढे उभं राहून तिला गाय, गाढव, मेंढ्या मोजायला सांगा. ही गव्हाणी मांडायची रीत असिसीच्या फ्रान्सिस यांच्यापासून रूढ झाली. त्यांनी १२२३ साली इटलीतल्या एका डोंगरगावात खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गव्हाणी दाखवली होती. आत उपासना चालू असेल तर बाहेर थांबा, ती संपली की जा.

स्वेटरबरोबर कानटोपीही घ्या. झाडांमुळे त्या बाजूला सहा वाजल्यानंतर थंडी बोचते.